तंजावर, मदुराई आणि एक पॉकेट डायरी

'कपल स्पेशल'मध्ये नेमकं काय काय येतं, हे मी त्या ट्रॅव्हलवाल्या मुलाला दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्यानं केक सांगितला. दुसऱ्यांदा सांगितलं, की पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस करून ठेवतात आणि मधे गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. "आणि मॅडम, एका रात्री कँडललाइट डिनर." नवरा शेजारी बसून त्यांच्याच माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मग त्या टॉवेलांनी अंग पुसायचं की नाही?"

तिथून उठलो, कोपऱ्यावर भडंग घेतलं आणि घरी आलो. सहलीचं नियोजन आपणच करायचं हे असं ठरलं.

मूळ टूम लेकीची. ती बेंगळुरूला असते. बाबा बँकेतून निवृत्त झाले, डावा डोळाही मोतीबिंदूतून मोकळा झाला, आता तुम्ही दोघंच कुठंतरी जा, असा तिचा धोशा. 'दोघंच' या शब्दावर ती अशी काही जोर द्यायची, की आम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं. तिनं पाँडिचेरी सुचवलं. समुद्र आहे, पिवळ्या भिंती आहेत, कॅफे आहेत. नवरा म्हणाला, तंजावर. मी म्हटलं, मदुराई. उत्तरं दोन, पण दिशा एकच. आमच्या घरात याला एकमत म्हणतात.

"तंजावरात कपल्स काय करतात?" लेकीनं विचारलं.

"वाचतात," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं मला कळत होतं. लॉकडाऊनमध्ये तो ऑनलाइन वर्गात मोडी शिकला. तेव्हापासून घरात कुठंही जुना कागद दिसला की भिंग घेऊन बसतो. किराणा मालाची यादीसुद्धा मोडीत लिहितो आणि दुकानात स्वतःलाच वाचता येत नाही म्हणून मला फोन करतो. अशा माणसाला तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत हे कळल्यावर त्यानं पाँडिचेरीचं नाव घ्यावं तरी कशाला?

माझं मदुराईचं कारण मात्र जुनं होतं आणि ते माळ्यावर सापडलं.

१९९६ साली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आम्ही दक्षिणेला गेलो होतो. बारा दिवस, एक बस, चाळीस माणसं. सासू-सासरे बरोबर. बसमध्ये मी सासूबाईंशेजारी, हा मामंजींशेजारी. मुक्कामाला बायकांच्या खोल्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. त्या बारा दिवसांत नवऱ्याशी माझं सलग बोलणं झालं असेल तर ते कन्याकुमारीला, तेही 'तुझ्याकडे सुटे आहेत का' एवढंच. मदुराईच्या देवळाला पाऊण तास मिळाला होता. बाहेर पडताना फूटपाथवर मोगऱ्याच्या वेटोळ्यांचे ढीग घेऊन बायका बसलेल्या. गजरा घ्यायचा म्हणून मी थांबले, तर बसचा हॉर्न वाजला. लांबून मामंजींनी घड्याळ दाखवलं. मी पळत गेले.

हे सगळं मला आठवत होतंच. पण माळा आवरताना त्या वर्षाची नवऱ्याची पॉकेट डायरी हाताला लागली. तो रोजचा खर्च लिहितो, तेव्हाही लिहायचा. मदुराईच्या पानावर होतं: चहा ८, संत्री १२, नारळ व कापूर ६, चप्पल राखण १, किरकोळ ३. हे किरकोळ तीन रुपये कशाचे, ते त्यालाही आठवेना. गजऱ्याचे नव्हते एवढं मी खात्रीनं सांगितलं.

तर, नियोजन.

तमिळनाडूचा पाऊस आपल्या उलट. आपल्याकडे पोळा-गणपती होऊन आभाळ मोकळं होतं आणि तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून मोसमी पाऊस येतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणारी माणसं छत्री उघडून गोपुरं बघतात. एप्रिल-मेचं तर बोलायलाच नको. तिथं देवळाच्या आवारात अनवाणी फिरायचं असतं आणि दगड तव्यासारखे तापतात. उरला जानेवारी-फेब्रुवारी. त्यात पोंगलचे चार दिवस गाड्या आणि खोल्या काही मिळत नाहीत. नवऱ्यानं कालनिर्णय काढलं आणि पौष वद्य पंचमीवर बोट ठेवलं. त्या तिथीला तंजावरजवळच्या तिरुवैयारूत कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथी असते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती म्हणतात. ती तिथी साधायची असा त्याचा बेत. तो फसला, कारण तिथल्या खोल्या लोकांनी केव्हाच धरून ठेवल्या होत्या. आम्ही पंचमीनंतर तीन दिवसांनी पोचणार असं ठरलं.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. सकाळी आठला आम्ही दोघं दोन फोन घेऊन, चहा निवत ठेवून, स्वयंपाकघरात बसलो. मिरजेहून रात्रीची गाडी बेंगळुरूला, लेकीकडे एक दिवस, मग मैसूरूहून येणारी रात्रीची गाडी पकडून पहाटे तंजावर. दोन खालचे बर्थ मिळाले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आमच्या साखरपुड्यातही पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट लवकर लक्षात आली. ही देवळं दुपारी बंद असतात, साधारण बारा-साडेबारा ते चार. गटातल्या सहलीत ही अडचण असते. बस तेवढ्या वेळात दुसऱ्या गावाला पळवतात. आम्ही अडचणीचाच नियम केला. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक, आणि मधे देव झोपतो तेव्हा आपणही झोपायचं. आणखी एक नियम माझा: रोज दोन तास ज्यानं त्यानं आपापलं. त्यानं कागद बघावेत, मी बाजार. लेकीला हे कळल्यावर ती म्हणाली, "आई, कपल ट्रिपला जाऊन वेगवेगळं फिरणार?" तिला काय सांगायचं? तिशीत माणसाला असं वाटतंच.

तंजावरला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. आंघोळी करून तडक बृहदीश्वर. पहिल्या राजराज चोळानं बांधलेलं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. फोटो खूप पाहिले होते, पण फोटोत विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची कळत नाही आणि रंग तर मुळीच नाही. सकाळी सातला तो ग्रॅनाइट मधाच्या रंगाचा होता. दोनशे फुटांच्या आसपासचं हे शिखर आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं सगळे सांगतात. पडते. आम्ही तिच्यातच बसलो होतो, म्हणून सांगते.

खरी गंमत जोत्यावर आहे. शिखर बघून मान दुखली की खाली बघायचं. भिंतीच्या पायथ्याशी तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. बरोबरच्या गाइडनं एका ठिकाणी बोट ठेवून सांगितलं, हा दिव्यांचा हिशेब. एक नंदादीप कायम तेवत राहावा म्हणून धनगराकडे ९६ मेंढ्या सोपवायच्या, त्यानं रोज ठरलेलं माप तूप आणून घालायचं. दुसरीकडे देवळात नाचणाऱ्या ४०० स्त्रियांची यादी. नावासकट, कुठल्या गावच्या त्यासकट, तंजावरात कुठल्या रस्त्यावर कितवं घर दिलं त्यासकट. सोनं किती, दागिने कुठले, त्यात मोती किती.

नवरा खालीच बसला, गुडघ्यांची तक्रार विसरून. "अगं, ही खतावणी आहे," तो म्हणाला. "हजार वर्षांची खतावणी. आणि एवढी स्वच्छ!" पस्तीस वर्षं ज्या माणसानं ताळेबंद जुळवले, त्याला शिखर दाखवण्यात काही अर्थ नव्हता. मी पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवली आणि नंदीकडे गेले.

आवाराच्या नैऋत्येकडे भिंतीवर मराठी लेख आहे. मराठी वाचकाला हे माहीत असतं, तरी ते प्रत्यक्ष दिसल्यावर काहीतरी होतंच. चहूकडे तमिळ, आणि एकदम 'श्री'. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाची सगळी हकीकत इथं कोरून घेतली, मजकूर चिटणीस बाबुरावांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इकडे आले आणि १६७०च्या दशकात त्यांनी तंजावर घेतलं, तिथपासून १८५५पर्यंत इथं मराठी गादी होती. सरफोजींच्या हाती १७९९च्या तहानंतर किल्ला आणि मान एवढंच उरलं, कारभार कंपनीकडे गेला. राज्य गेल्यावर माणसानं काय करावं? या माणसानं पुस्तकं जमवली. आणि वंशाचा इतिहास चोळांच्या भिंतीवर लिहिला, जिथं आधी आठशे वर्षांचा हिशेब होताच.

नवऱ्याला इथं मोडी हवी होती आणि निघालं बाळबोध. म्हणजे मलाही वाचता येत होतं. त्याचा जरा हिरमोडच झाला. तरी त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, हवेत बोट फिरवत. वेष्टी नेसलेले एक वयस्कर गृहस्थ मागे येऊन थांबले. थोड्या वेळानं ते मराठीत म्हणाले, की त्यांच्या घरी हीच भाषा बोलतात, पण लिहायची झाली तर ते तमिळ अक्षरांत लिहितात. ही अक्षरं त्यांना येत नाहीत. त्यांचं मराठी ऐकायला वेगळंच, शब्द ओळखीचे आणि चाल अनोळखी, सासरी रुळलेल्या मुलीसारखं. "वाचा, वाचा," त्यांनी खूण केली. मग नवऱ्यानं त्यांच्यासाठी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मी दोघांच्या चपलांची पिशवी धरून उभी. गंमत बघा, मराठी लेख मराठी माणसानं मराठी माणसाला वाचून दाखवला आणि दोघंही एकमेकांचे उच्चार दुरुस्त करत होते.

दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल. हौशी पाहुण्याला तिथं छोटं संग्रहालय बघता येतं. हस्तलिखितं हाताळायची तर अभ्यासक लागतो आणि परवानगी लागते. नवऱ्याला हे माहीत होतं, तरी तो काचेला नाक लावून उभा राहिला. मी विक्रीच्या खिडकीशी पुस्तकं चाळत बसले. ग्रंथालयानं छापलेली पुस्तकं आहेत, त्यात सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचंही एक. सांबार संभाजी महाराजांच्या नावावरून आलं, ही गोष्ट इथं प्रत्येक जण सांगतो. पुरावा म्हणाल तर नाही. आमसुलं संपली म्हणून चिंच घातली हा भाग मात्र कुठल्याही गृहिणीला पटेल.

आम्ही सांगलीकर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्या गावात, आणि हे आम्ही न विचारताही सांगतो. इथं कळतं, की व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी राजे मराठीत नाटकं लिहीत होते, ती सतराव्या शतकाच्या शेवटी. दीडशे वर्षं आधी! नवरा म्हणाला, हे गावात कुणाला सांगू नकोस. आता सांगून टाकलं.

सरफोजी डोळ्यांवर उपचार करत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवत, चित्रांसकट. त्या पानांची चित्रं आम्ही पुस्तकात पाहिली: एकेक सुटा डोळा, पापण्या, बुबुळावरचा ढग. नवऱ्यानं चष्मा काढून आपल्या डाव्या डोळ्यावर हात धरला आणि उजव्यानं ते चित्र पाहिलं. मग उजवा झाकून डाव्यानं. "अशीच जाळी होती बघ माझी," तो म्हणाला. ऑपरेशनआधीचे सहा महिने त्याला धूसर दिसायचं ते कसं, हे मला त्या चित्रावरून कळलं. विचारलं होतं मी तेव्हा, नाही असं नाही. पण तो म्हणायचा, "ठीक आहे."

तिरुवैयारूला गेलो तेव्हा मांडव उतरवत होते. बांबू, दोऱ्या, खुर्च्यांच्या चळती. कावेरीला पाणी होतं. त्यागराज तेलुगूत गायले, तमिळ मुलखात राहिले आणि राज्य मराठ्यांचं. नकाशावर रेघा मारणाऱ्यांनी इथं एक चक्कर मारावी. समाधीसमोर बेंगळुरू नागरत्नम्मांचं स्मारक आहे. देवदासी घराण्यातल्या या बाईनं पदरचा पैसा घालून इथली जागा घेतली, समाधी नीट बांधून काढली आणि बायकांना इथं गाऊ देत नव्हते म्हणून भांडल्या. आराधनेचा दिवस चुकला म्हणून नवरा हळहळत होता. मला काही वाटलं नाही. ओसरलेल्या गर्दीत त्या दोघांसमोर निवांत बसता आलं.

कुंभकोणम एका दिवसात उरकलं. कॉफी छान, दारासुरमचं देऊळ त्याहून छान, आणि त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं, कशावरून ते लिहिण्यासारखं नाही. येताना गाडीत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसलो. तंजावरी वीणेचं लाकूड फणसाचं, हे ड्रायव्हरनं सांगितलं, तेव्हा मिरजेच्या सतारीचा भोपळा आठवून दोघं एकदमच बोललो आणि मग हसावं लागलं.

मदुराई माझी. तिथं माझं वेळापत्रक एका गोष्टीभोवती बांधलं होतं: रात्रीची शेजारती. मीनाक्षी ही पांड्यांची राजकन्या, राज्य तिचं. दिग्विजयाला निघाली आणि शंकराशी गाठ पडली. लग्न झालं, तर देवच इथं राहायला आले. आपल्या भाषेत घरजावई. देऊळही तिच्या नावानं ओळखलं जातं, सुंदरेश्वर आहेतच म्हणायचे. रोज रात्री शेवटच्या पूजेनंतर त्यांच्या पादुका छोट्या पालखीतून तिच्या शयनघरात नेतात. तो तिच्याकडे जातो, ती त्याच्याकडे नाही. सकाळी पालखी परत.

मोबाइल आत नेता येत नाही, २०१८च्या आगीनंतर बंदीच आहे. त्यामुळे लोकांचे हात रिकामे होते आणि कितीतरी दिवसांनी मी हात जोडलेली गर्दी पाहिली. नऊ वाजून गेले असतील. नादस्वरम सुरू झालं, एवढ्या मोठ्या दगडी ओवऱ्यांतून ते घुमून अंगावर आलं. मशाली, धुपाचा लोट, खांद्यावर इवलीशी पालखी. पुढं चवरी ढाळणारा. दाराशी पालखी थोडी थांबली. आतलं आम्हाला फारसं दिसलं नाही, माणसांची डोकी दिसली. मीनाक्षीची चमकी रात्री काढून ठेवतात म्हणे, देवाला टोचू नये म्हणून. शेजारच्या बाईनं हे मला खुणांनी सांगितलं, स्वतःच्या नाकाला हात लावून, आणि लाजली. पन्नाशीची असेल. मग दार लागलं. हे रोज चालतं. पाऊस असो, परीक्षा असोत, निवडणूक असो, आज दोघांत धुसफूस असो.

नवरा गर्दीत मागे राहिला होता. वळून पाहिलं तर माझी पर्स त्याच्या खांद्याला, आणि तो टाचा उंचावून बघतोय. दिसलं का विचारलं, तर म्हणाला, पालखीचं टोक दिसलं.

देवळाभोवतीच्या रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत, आडी, चित्तिरै, मासी, एकाबाहेर एक चौकोन. चित्तिरैच्या रस्त्यावर एवढ्या उशिरापर्यंत फुलवाल्या बसल्या होत्या. मदुराईची मल्ली म्हणजे आपला मोगराच, पण पाकळी जाड, कळी टपोरी, वास लांब टिकणारा. तिला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. फुलं विकतात ती 'मुळम'वर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. आपल्याकडचा 'हात'. नवरा लगेच पुढं सरसावला. "कुणाचा हात?" त्यानं मराठीत विचारलं. बाईला शब्द कळला नाही, माणूस कळला. तिनं आपला आखूड हात दाखवला, मग याचा लांब हात पाहिला, आणि बाजूच्या फुलवालीला काहीतरी म्हणाली. दोघी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी तिनं त्याचाच हात धरला, कोपराला गजऱ्याचं एक टोक लावलं आणि त्याच्या बोटांपर्यंत सर्रकन आणलं. दोनदा. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं गाठ मारून माझ्याकडे दिलं.

बस नव्हती, हॉर्न नव्हता. मी तिथंच उभी राहून माळला.

खोलीवर आल्यावर त्यानं नेहमीसारखी डायरी काढली. रिक्षा, जेवण, मोबाइल ठेवायचे, सगळं लिहिलं. शेवटची ओळ मोडीत लिहिली. मला मोडी येत नाही.

"हे काय लिहिलंस?"

"किरकोळ," तो म्हणाला आणि दिवा मालवला.